ऐषआराम विकताय, तर तो जगूही द्या

प्रति,
जीवन-सिम्युलेशन गेम तयार करणाऱ्या व विकणाऱ्या कंपन्यांचे प्रमुख, निर्माते आणि डिझायनर

विषय : 'लक्झरी' या नावाखाली, मूळ गेमला जोडण्यासाठी वेगळे विकले जाणारे अ‍ॅड-ऑन पॅक

स.न.वि.वि.

गेली अनेक वर्षं मी तुमचे गेम खेळते आहे. रिकाम्या प्लॉटवर घर उभं करायचं, त्यात एक कुटुंब वसवायचं आणि त्या कुटुंबाच्या दोन-तीन पिढ्या डोळ्यांदेखत वाढू द्यायच्या, हा माझा खेळण्याचा आवडता प्रकार. पैशाचं चीट (फुकट पैसे मिळवून देणारा छुपा कोड) वापरायचं नाही, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम. सुरुवातीला घरात एक स्वस्त पलंग, एक फ्रीज, एक कमोड आणि कोऱ्या भिंती एवढंच असतं. मग नोकरी लागते, बढती मिळते, बिलं भरून चार पैसे उरायला लागतात, एखादी खोली वाढते. नातवंडांच्या काळात कधीतरी त्या घरात झुंबर लागतं. ते लागतं तेव्हा होणारा आनंद अगदी खरा असतो आणि तो तुमच्याच कामातून मला मिळालेला आहे. म्हणूनच हे पत्र लिहायची वेळ आली आहे.

हेच झुंबर आता गेमच्या बाहेर, दुकानात, सुटं विकायला ठेवलेलं असतं. ते विकत घेऊन घरात आणलं तर छताला लटकून राहण्यापलीकडे ते काहीही करत नाही. ऐषआरामाची ही विक्री अलीकडे ज्या पद्धतीने चालली आहे ती मला मान्य नाही. माझ्यासारख्या अनेकांना ती मान्य नाही, असं मी त्यांच्याशी बोलून सांगू शकते.

पत्र एकाच कंपनीला नाही. तरी उदाहरणं मुख्यतः 'द सिम्स'चीच द्यावी लागतील, कारण या प्रकाराचा पाया त्या गेमने घातला आणि इतरांनी त्याच्याकडेच बघून आपली दुकानं मांडली.

'द सिम्स' 4 फेब्रुवारी 2000 रोजी आला. त्याचे जनक विल राइट यांचं स्वतःचं घर 1991 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या भीषण आगीत जळालं होतं. संसार पुन्हा उभा करताना माणसाला नेमकं काय लागतं, कोणती वस्तू आधी आणि कोणती नंतर, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला आणि त्यातून या गेमची कल्पना वाढली. वस्तूंनी सुख मिळतं या समजुतीवर टीका करण्याचा आपला हेतू होता, असंही त्यांनी पुढे मुलाखतींमध्ये सांगितलं आहे. तो हेतू गेमच्या रचनेत जागोजागी दिसत होता, आणि तेच मला तुमच्यापुढे पुन्हा मांडायचं आहे.

पहिल्या गेममध्ये प्रत्येक सिमच्या, म्हणजे गेममधल्या माणसाच्या, आठ गरजा होत्या. भूक, झोप, स्वच्छता वगैरेंच्या जोडीला 'आराम' आणि 'खोली' याही त्यात होत्या. म्हणजे चांगली खुर्ची आणि देखणी खोली या शोभेच्या गोष्टी नव्हत्या, त्या सिमच्या रोजच्या जगण्याला भिडत होत्या. महाग पलंगावर झोप लवकर पूर्ण व्हायची आणि सकाळी हातात थोडा वेळ उरायचा. तो वेळ मैत्री जोडायला, पुस्तक वाचून कौशल्य वाढवायला वापरता यायचा. श्रीमंतीने वेळ विकत घेता येतो, हे न बोलता कळत होतं.

पण हाच गेम श्रीमंतीची किंमतही वसूल करत असे. या गेममध्ये खरा एक सेकंद म्हणजे साधारण सिमचं एक मिनिट. भला मोठा वाडा बांधला की झोपायच्या खोलीतून न्हाणीघरात आणि तिथून स्वयंपाकघरात जाण्यातच सकाळ निघून जायची आणि दारात आलेली ऑफिसची गाडी चुकायची. जितक्या वस्तू जास्त तितक्या बिघडणाऱ्या, धुळीच्या, दुरुस्तीच्या जास्त. मग मोलकरीण, माळी, दुरुस्तीवाला आणि त्यांचे पगार. बिलं थकली की वस्तू उचलून नेणारा माणूस यायचा. रात्री चोर यायचा आणि अलार्म नसला तर नेमक्या चांगल्या वस्तूंवर डल्ला मारायचा. ऐषआरामाला वजन होतं ते यामुळे. मिळवायला वेळ लागत होता, सांभाळायला जीव लागत होता आणि तो हातचा जाऊही शकत होता.

2009 मध्ये 'द सिम्स 3' आला तेव्हा 'आराम' आणि 'खोली' या दोन गरजा यादीतून गेल्या. त्यांच्या जागी मनःस्थितीवर थोडा वेळ टिकणारा परिणाम आला. 'द सिम्स 4' मध्येही तेच चालू राहिलं. चोर तर त्या गेममध्ये अनेक वर्षं नव्हताच, तो 2025 मध्ये परत आला. प्रत्येक बदलामागे तुमची काही कारणं असतील. पण सगळ्याचा मिळून परिणाम असा झाला, की स्वस्त सोफा आणि राजेशाही सोफा यांच्यात खेळण्याच्या दृष्टीने फारसा फरकच उरला नाही. आणि जेव्हा गेममधल्या ऐषआरामाचा अर्थ असा पातळ होत होता, नेमकं तेव्हाच तो बाहेर पैसे घेऊन विकण्याचा वेग वाढत गेला. माझ्या तक्रारीचं मूळ इथे आहे.

पॅक विकण्यालाच माझा विरोध आहे, असा कृपया अर्थ काढू नका. 'द सिम्स 2' साठी 2006 मध्ये 'ग्लॅमर लाइफ स्टफ' आला, 'द सिम्स 3' साठी 2010 मध्ये 'हाय-एंड लॉफ्ट स्टफ'. 'द सिम्स 4' चा तर पहिलाच स्टफ पॅक (वस्तू आणि कपड्यांचा छोटा पॅक), मे 2015 मधला, 'लक्झरी पार्टी' हा होता. त्यात मेजवानीचं टेबल आणि गोड पदार्थांचं कारंजं होतं. त्या टेबलाभोवती पाहुणे जमत, ताटं भरत, गप्पा मारत. पॅक छोटा होता, पण त्याने पार्टीची संध्याकाळ थोडी बदलली. 2016 च्या अखेरीस 'व्हिंटेज ग्लॅमर स्टफ' मध्ये घरात कायम राहणारा बटलर आला. माझ्या मते ऐषआरामाच्या सगळ्या पॅकमधली ही सर्वांत चांगली कल्पना. कारण बटलर ठेवला की घरात आणखी एक माणूस येतो. त्याला पगार द्यावा लागतो, राहायला जागा लागते, त्याचे मालकांशी संबंध जुळतात किंवा बिघडतात. घर मोठं असण्याला एकदम गोष्ट मिळते. हे तुम्हाला जमतं, तुम्ही करून दाखवलेलं आहे. म्हणूनच पुढचं बघून जास्त वाईट वाटतं.

मार्च 2021 पासून 'द सिम्स 4' मध्ये किट हा प्रकार सुरू झाला. स्टफ पॅकची किंमत 9.99 डॉलर होती, किटची 4.99 डॉलर. ऐकायला स्वस्त. पण बहुतेक किटमध्ये फक्त वस्तू किंवा फक्त कपडे असतात, खेळायला नवीन असं काही नाही. 2023 मधलं 'मॉडर्न लक्स' हे आलिशान घराच्या सजावटीचं किट याच जातीचं. दोन किट घेतली की एका जुन्या स्टफ पॅकचे पैसे होतात आणि हातात ना बटलर येतो, ना कारंजं. त्या वस्तूंचं मॉडेलिंग आणि पोत करणाऱ्या कलाकारांबद्दल मला पूर्ण आदर आहे, त्यांचं काम बारीक आणि सुंदर असतं. माझं म्हणणं त्यांना काय करायला सांगितलं जातं, याबद्दल आहे. आलिशान बाथटब दिला आणि त्यात सिम साध्या टबात बसतो तसाच, तेवढाच वेळ, त्याच हालचाली करत बसला, तर तुम्ही मला फक्त नवा रंग विकला. त्या टबातून उठल्यावर त्याचा दिवस वेगळा जायला हवा. पाहुण्याने तो बघून हेवा करावा, मुलाने त्यात फेस करून घर ओलं करावं, घरातल्या काटकसरी आजीने त्यावरून कुरकुर करावी. या गेममध्ये स्वभाव आहेत, नाती आहेत, इच्छा आहेत. आलिशान वस्तूंना त्यातल्या कशाशीही जोडायचं नाही, हा निर्णय कोणीतरी घेतलेला आहे आणि तो चुकीचा आहे.

दुसरी तक्रार बिघाडांची. फेब्रुवारी 2022 मध्ये 'माय वेडिंग स्टोरीज' हा 'द सिम्स 4' चा पॅक आला तेव्हा थाटामाटाच्या लग्नात पाहुणे जागेवर बसत नव्हते, विधीकडे कोणी बघत नव्हतं. खेळाडूंनी आवाज उठवल्यावर निर्मात्यांनी चुका मान्य करून दुरुस्तीचे पॅच दिले, हेही नोंदवते. माझा स्वतःचा अनुभव दुसऱ्या एका गेमचा आहे. त्याचं नाव इथे घेत नाही, कारण मुद्दा एका कंपनीपुरता नाही. त्याचा मेजवानीचा पॅक मी पूर्ण किमतीत घेतला. घरच्या मोठ्या मुलीचा वाढदिवस ठरवला, दिवाणखाना त्या पॅकमधल्या वस्तूंनी सजवला. पाहुणे आले आणि सगळे एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे राहिले. भरलेल्या टेबलाकडे कोणी फिरकलं नाही. मी सविस्तर तक्रार नोंदवली, सेव्ह फाइल पाठवली, सगळे मॉड (इतर खेळाडूंनी बनवलेले बदल) काढून पुन्हा तपासून कळवलं. दुरुस्ती आली नाही, पुढच्या आलिशान पॅकची जाहिरात मात्र आली. तुटलेला पॅक दुकानात जसाच्या तसा, पूर्ण किमतीला विकायला होता, आणि त्याच्या पानावर बिघाडाबद्दल एक ओळही नव्हती. ही गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. घेणाऱ्या नव्या माणसाला निदान माहीत तरी हवं.

मे 2024 मध्ये 'द सिम्स 4' च्या निर्मात्यांनी मूळ गेममधले बिघाड दूर करण्यासाठी वेगळी टीम नेमल्याचं जाहीर केलं. चांगलं झालं. पण गेम 2 सप्टेंबर 2014 रोजी आलेला होता. तोपर्यंत त्यावर पॅकचे थरावर थर चढलेले होते, आणि प्रत्येक नवा थर जुन्या बिघाडांवरच रचला गेला होता.

आता मुद्दा जुळण्याचा. घर न बांधणाऱ्याला तो क्षुल्लक वाटेल, बांधणाऱ्याला तो रोज टोचतो. एका पॅकमधलं अक्रोडी लाकूड दुसऱ्या पॅकमधल्या अक्रोडी लाकडाशी जुळत नाही. एकाचा पांढरा पिवळट, दुसऱ्याचा निळसर. सोनेरी रंगाची तर प्रत्येक पॅकमध्ये वेगळी छटा. आलिशान खोलीत हे जास्त उठून दिसतं, कारण तिथे सगळं एकाच हाताने निवडल्यासारखं दिसावं लागतं. 'द सिम्स 3' मध्ये कोणत्याही वस्तूला कोणताही रंग आणि पोत देता येत होता. ते साधन पुढच्या गेममध्ये राहिलं नाही. ठीक आहे, त्याने संगणकावर भार येत असेल. पण मग निदान रंगांचा एक पक्का संच ठरवा आणि प्रत्येक पॅकमध्ये तोच पाळा. दुसरं म्हणजे अर्धवट संच. डबल बेड दिला तर त्याच घाटाचा सिंगल बेड नाही, सोफा आहे तर जोडीची खुर्ची नाही, जेवणाचं टेबल आहे तर मुलाची उंच खुर्ची नाही. कपड्यांचंही तसंच, तरुण स्त्री-पुरुषांना भरपूर, लहान मुलांच्या वाट्याला एखादा पोशाख. पिढ्यान्पिढ्या खेळणाऱ्यांच्या श्रीमंत घरात पाळण्यातलं बाळ असतं, शाळकरी पोरं असतात, काठी टेकत चालणारे आजोबा असतात. तुमच्या जाहिरातींमधल्या त्या चकचकीत बंगल्यांत हे कोणी राहतच नाहीत.

शिवाय ऐषआराम म्हणजे दर वेळी संगमरवर, काच, सोनेरी कडा आणि पोहण्याचा तलावच का? मला छतापर्यंत पुस्तकांनी भरलेलं ग्रंथालय आणि त्यात शिडी हवी आहे. संगीताची खोली हवी, काचेचं हरितगृह हवं. कोणाला चाकरी सोडून दिवसभर चित्रं काढता येणं हाच ऐषआराम वाटेल. गेममध्ये त्यालाही जागा हवी.

पैशाबद्दल बोलते. 'द सिम्स 4' चा मूळ गेम 18 ऑक्टोबर 2022 पासून फुकट आहे. मग कंपनीला पॅकमधून कमवावं लागणार, हे मला समजतं आणि त्यात गैर काही दिसत नाही. पण एक्सपान्शन या सर्वांत मोठ्या पॅकपासून किटपर्यंत सगळं पूर्ण किमतीत घ्यायचं म्हटलं तर आकडा एक हजार डॉलरच्या पुढे जातो. "कोणी जबरदस्ती केली आहे का घ्यायची?" असं मला अनेकदा ऐकवलं गेलं आहे. जबरदस्ती नाही, खरं आहे. पण मी बांधलेलं घर मी गॅलरीत (खेळाडू आपली घरं एकमेकांना देतात त्या ऑनलाइन जागेत) ठेवते, लोक ते उतरवून घेतात, आणि ज्याच्याकडे ते पॅक नाहीत त्याच्याकडे माझ्या घरातल्या वस्तू गायब झालेल्या असतात किंवा त्यांच्या जागी भलत्याच वस्तू आलेल्या असतात. म्हणजे एकाने न घेण्याचा परिणाम दोघांच्याही खेळावर होतो. त्यात भर म्हणून मुख्य मेनूत आणि कधीकधी थेट खेळाच्या पडद्यावर नव्या पॅकच्या जाहिराती. माझा सिम कर्ज फेडत असताना मला कोपऱ्यात खरेदीची टोपली नको आहे.

परताव्याचा नियमही या प्रकारच्या गेमला जुळत नाही. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात अ‍ॅड-ऑन परत करायचं तर खरेदीनंतर 14 दिवसांच्या आत आणि खरेदीपासून मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असताना. गोळीबाराच्या गेमला दोन तास पुरत असतील. इथे दोन तासांत एक घर धड सजवून होत नाही. पॅकमधला बिघाड दिसायला त्या घरात कुटुंबाने राहावं लागतं, पार्टी द्यावी लागते, मूल मोठं व्हावं लागतं. तोवर मुदत संपलेली असते.

बाकीच्या कंपन्यांनी हे सगळं शेजारच्या घरातलं भांडण म्हणून बघू नये. 'इनझोई' हा याच प्रकारचा गेम 28 मार्च 2025 रोजी अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला, आला तेव्हा पूर्ण आवृत्ती येईपर्यंत डीएलसी (असेच जोडायचे पॅक) मोफत देण्याचं त्याच्या निर्मात्यांनी जाहीर केलं. 'पॅरालाइव्ह्ज' या अशाच दुसऱ्या गेमच्या निर्मात्यांनी तर पैसे घेऊन डीएलसी विकणारच नाही असं सांगितलं आहे. हे शब्द आम्ही लक्षात ठेवले आहेत. तुमच्यापुढे अजून पाटी कोरी आहे. ऐषआराम गेमच्या रचनेत कसा गुंफायचा, हे तुम्ही सुरुवातीपासूनच ठरवू शकता.

आणि आमचं ऐकलं जात नाही असंही नाही. 'द सिम्स 4' आला तेव्हा त्यात पोहण्याचे तलाव नव्हते आणि रांगती मुलंही नव्हती. खेळाडूंनी सतत मागणी केली. तलाव नोव्हेंबर 2014 मध्ये आले, रांगती मुलं जानेवारी 2017 मध्ये, आणि दोन्ही मोफत. त्या भरवशावर मी पुढच्या मागण्या करते आहे.

लक्झरी या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पॅकमध्ये जगण्यावर परिणाम करणारं निदान काहीतरी असावं : नवी कृती, नवं काम, नवं नातं, नवी जबाबदारी. ते नसेल तर 'फक्त सजावट' असं किमतीच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापा.

विकत घेण्याआधी पॅकमधली प्रत्येक वस्तू, तिचे सगळे रंग आणि प्रत्येक कपडा कोणत्या वयाला घालता येतो, याची पूर्ण यादी द्या. त्याहून बरं म्हणजे बिल्ड मोडमध्ये, म्हणजे घर बांधताना, वस्तू ठेवून बघू द्या, सेव्ह करताना त्या काढून टाका.

माहीत असलेले बिघाड त्या पॅकच्या विक्रीच्या पानावर लिहा. मेजवानी, लग्न, पार्टी अशा विषयाचा जुना पॅक मोडलेला असताना त्याच विषयाचा नवा पॅक आणू नका.

लाकूड, धातू आणि पांढऱ्या रंगाच्या छटा एकदा ठरवून सगळीकडे तशाच वापरा आणि जुन्या पॅकमध्येही मोफत अपडेटने त्या आणा. सजावटीचा संच दिलात तर बाळापासून वृद्धापर्यंत सगळ्यांना पुरेल असा द्या.

एकाच धर्तीची जुनी किट एकत्र करून एका पॅकच्या किमतीत द्या. ज्यांनी त्यातली काही आधीच घेतली आहेत त्यांच्याकडून उरलेल्यांचेच पैसे घ्या.

खेळाच्या पडद्यावरच्या जाहिराती बंद करण्याची सोय सेटिंगमध्ये द्या. ज्या पॅकमध्ये बिघाड असल्याचं तुम्ही स्वतः मान्य केलं आहे, त्याच्या परताव्याला तासांची मर्यादा लावू नका. स्वतःच्या दुकानात हे तुम्ही आजपासून करू शकता आणि इतर दुकानांशी बोलणंही तुमच्याच हातात आहे.

शेवटची मागणी डिझायनरांसाठी. पुढच्या गेममध्ये 'आराम' आणि 'खोली' या गरजा परत आणा. त्यांच्याबरोबर थकलेल्या बिलांची भीतीही आणा, आणि मोठ्या घरातून चालत जायला लागणारा वेळही. ते झालं तर तुमचे आलिशान पॅक मी पूर्ण किमतीत घेईन. तोपर्यंत नव्या लक्झरी पॅकवर मी पैसे खर्च करणार नाही, आणि माझी घरं मूळ गेममधल्या वस्तूंनीच बांधून गॅलरीत ठेवीन, म्हणजे ती सगळ्यांना पूर्ण दिसतील.

या पत्राला जाहीर उत्तर मिळावं, ही विनंती.

आपली,
अनेक वर्षांची एक खेळाडू